कमी बजेटचे कल्ट सिनेमे आणि बंडखोर संगीत: प्रेमविवाह की परवडणारं स्थळ?

फाटकी_कॅसेट (धागाकर्ता)

परवा रात्री झोप येईना म्हणून 'रेपो मॅन' परत लावला. १९८४चा, अ‍ॅलेक्स कॉक्सचा. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी, लॉस एंजलिसमधलं एक पंक (म्हणजे त्या खडबडीत, बंडखोर रॉक संगीताच्या नादातलं) पोरगं, ओटो, हप्ते थकलेल्या गाड्या उचलून आणणाऱ्यांच्या धंद्यात शिरतं, आणि एका जुन्या शेवर्ले मालिबूच्या डिकीत असं काहीतरी असतं की उघडणारा जागच्या जागी भस्म होतो. यापेक्षा जास्त गोष्ट सांगण्यात अर्थ नाही, बघाच.

तर त्यात एक सीन आहे. ओटो एका क्लबात बसलाय, स्टेजवर नटूनथटून उभा असलेला एक बँड अगदी गुळगुळीत काहीतरी वाजवतोय, आणि हा वैतागून पुटपुटतो की एकेकाळी मला हे लोक आवडायचे. गंमत अशी की तो बँड म्हणजे खरोखरचा सर्कल जर्क्स, तिथल्या हार्डकोर पंकमधलं मोठं नाव, आणि ते स्वतःचीच टर उडवून घेतायत. मी तेवढाच भाग तीनदा मागे घेऊन पाहिला.

मग डोक्यात किडा वळवळायला लागला. कल्ट सिनेमांबद्दल (म्हणजे मोजक्याच पण वेड्या चाहत्यांनी जपलेल्या सिनेमांबद्दल) काहीही वाचा, पालुपद एकच, काउंटरकल्चर, व्यवस्थेविरुद्ध आवाज, पंकचा आत्मा वगैरे. मला वाटतं यातलं निम्मं नंतर चिकटवलेलं आहे. खरं कारण म्हणजे खिशात दमडी नव्हती. ऑर्केस्ट्रा परवडत नाही, नाव असलेला संगीतकार परवडत नाही, मग ओळखीतला बँड पकडा. त्या बँडलाही रेडिओवर कोणी विचारत नाही, तोही तयार. दोन कंगाल एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून चालले की लांबून ती चळवळ दिसते.

चुकत असेन तर सांगा, पण उदाहरणं द्या. नुसतं 'असं नसतं हो' नको.

आळशी_मांजर

पॉपकॉर्न घेऊन बसलेय.

पडद्यामागचा

असं नसतं हो :)

आता उदाहरण. 'ईझी रायडर', १९६९. चार लाख डॉलरच्या आतबाहेर खर्च, म्हणजे तुमच्या व्याख्येत बसतो. पण त्यातलं संगीत ओळखीतल्या कंगाल बँडचं नाहीये, स्टेपनवुल्फ, बर्ड्स, हेंड्रिक्स अशी त्या वेळची खणखणीत नावं आहेत. झालं असं की एडिटिंग करताना हाताशी होत्या त्या रेकॉर्ड तात्पुरत्या म्हणून लावल्या, नंतर वेगळं संगीत करून घेऊ असा विचार, आणि मग ते सीन त्या गाण्यांशिवाय बघवेचनात. म्हणून गाण्यांच्या हक्कांसाठी बक्कळ पैसे मोजले. काटकसर करायची असती तर पहिली कात्री तिथेच लागली असती.

'द वेट' या गाण्याची तर मजाच आहे. सिनेमात ते द बँडचंच वाजतं, पण रेकॉर्ड कंपन्यांचं जमलं नाही म्हणून साउंडट्रॅकच्या अल्बमवर स्मिथ नावाच्या वेगळ्याच बँडने गायलेलं आहे. लोक सिनेमा बघून अल्बम घ्यायचे आणि घरी येऊन चक्रावायचे.

आणि पैसा आला कुठून? मंकीजकडून. टीव्हीसाठी निवड चाचण्या घेऊन बनवलेला तो गोडगोड बँड. त्यांच्या मालिकेवर बॉब राफेलसन आणि बर्ट श्नायडर यांनी कमावलं, १९६८ला मंकीजनाच घेऊन 'हेड' नावाचा विचित्र सिनेमा काढला, लिहायला जॅक निकल्सन, तो साफ आपटला, आणि त्याच कंपनीने पुढे 'ईझी रायडर' केला. म्हणजे शाळकरी पोरींच्या भिंतीवरच्या पोस्टरांमधून हिप्पींचा सिनेमा उभा राहिला. आता यात बंडखोरी शोधा.

निद्रानाश

थांबा थांबा, मंकीजमधला माईक नेस्मिथ, लोकरीची टोपीवाला, तोच ना 'रेपो मॅन'चा कार्यकारी निर्माता? आणि त्याच्याच आईने टायपिंगच्या चुका खोडायचं ते पांढरं लिक्विड शोधून काढलं ना? म्हणजे रेपो मॅन व्हाइटनरच्या पैशावर निघालाय! धागाकर्त्याने हे आधी सांगायला नको का, मी इथे पंक पंक म्हणून भारावतोय.

पडद्यामागचा

@निद्रानाश, माणूस बरोबर, आईही बरोबर, निष्कर्ष चूक. बेट नेस्मिथ ग्रॅहम टायपिस्ट होत्या, त्यांनी लिक्विड पेपर काढलं, १९७९ला जिलेटला ४ कोटी ७५ लाख डॉलरला विकलं आणि पुढच्याच वर्षी वारल्या. पोराला वारसा मिळाला हे खरं, पण रेपो मॅनसाठी पैसे युनिव्हर्सलने घातले, नेस्मिथ तिथपर्यंत घेऊन गेला.

निद्रानाश

तुम्ही प्रत्येक चांगली गोष्ट अशीच मारता का हो.

मध्यरात्र

धागा भारी, पण गाडी फक्त कोणी काय वाजवलं यावरच अडकलीये. हे सिनेमे कल्ट झाले कुठे ते बघा ना, रात्री बाराच्या खेळांना. न्यूयॉर्कच्या एल्जिन थिएटरात डिसेंबर १९७० मध्ये बेन बॅरेनहोल्ट्झने योदोरोव्स्कीचा 'एल टोपो' मध्यरात्री लावायला सुरुवात केली, जाहिरात जवळपास नाहीच, नुसतं कानोकानी. येणारं पब्लिक तेच जे मैफिलींना जायचं. हॉलमध्ये धुराचा असा थर की पडदा दिसण्यापेक्षा जाणवायचा जास्त, असं तिथल्या आठवणींमध्ये वाचलंय.

बीटल्सवाल्या जॉन लेननला सिनेमा इतका आवडला की त्याने आपला मॅनेजर अ‍ॅलन क्लाइनला हक्क घ्यायला लावले. पुढे क्लाइननेच 'द होली माउंटन' (१९७३) ला पैसे दिले. मग क्लाइन आणि योदोरोव्स्कीचं फाटलं आणि दोन्ही सिनेमे कितीतरी वर्षं कुलुपात! लोकांनी धूसर चोरट्या टेपा पाहून भक्ती जपली, नीट डीव्हीडी यायला २००७ उजाडलं. रॉकवाल्याने सिनेमा उचलून धरला आणि रॉकवाल्याच्याच मॅनेजरने गाडून ठेवला.

खडूस_आजोबा

मी यातला एकही सिनेमा पाहिलेला नाही आणि मला झोप उत्तम लागते.

आळशी_मांजर

आजोबा 😂 धागाकर्त्याला तुमची गोळी पाठवा.

रेवा_१२

फाटकी_कॅसेट, तुमचा मुद्दा मला अर्धा पटतो पण एक मोठं भोक आहे, 'द हार्डर दे कम'. जमैका, १९७२, पेरी हेन्झेल. त्यात संगीत मागे वाजत नाही, तीच गोष्ट आहे. गावाकडचा पोरगा किंग्स्टनला येतो, गाणं रेकॉर्ड करायचं स्वप्न, भूमिकेत जिमी क्लिफ, म्हणजे स्वतः गायकच. गाणं रेकॉर्ड होतं, मस्त होतं, स्टुडिओत त्याचा घामाने चमकणारा चेहरा बघून आपल्यालाच उड्या माराव्याशा वाटतात, आणि मग निर्माता म्हणतो, हे घे २० डॉलर, कर सही. तो नाही म्हणतो, स्वतःच रेकॉर्ड घेऊन दारोदार फिरतो, पण रेडिओ, डान्स हॉल, सगळ्या किल्ल्या त्या एका माणसाच्या खिशात. शेवटी झक मारून सही करतो. तो कागदावर वाकतो ना, त्या क्षणी पुढे बंदूक येणार हे कळतं.

हे 'परवडलं म्हणून घेतलं' मध्ये कसं बसवणार? रेगे, म्हणजे जमैकाचं हे संगीत, अमेरिकेत पोचवण्यात या सिनेमाचा आणि त्याच्या रेकॉर्डचा मोठा वाटा. आणि इंग्रजीच असूनही तिकडे खाली सबटायटल द्यावी लागली, कारण पात्रं पाट्वा, म्हणजे तिथली बोली, बोलतात.

फाटकी_कॅसेट

@रेवा_१२, मान्य, इथे मी गारद. पण तुम्हीच नकळत माझ्या बाजूने साक्ष दिलीत. २० डॉलर! म्हणजे स्वस्तात संगीत मिळतं ते कोणाच्या तरी मानेवर बसून.

बाबूराव_बास

या २० डॉलरवर बोलणं भाग आहे.

मी बास वाजवतो, आमचा एक गॅरेज बँड होता (गॅरेजही दुसऱ्याचं). कॉलेजातला एक मित्र फिल्म करत होता, म्हणाला बजेट नाहीये रे पण तुमचा आवाजच पाहिजे, रॉ पाहिजे, सिनेमा फेस्टिव्हलला गेला की तुमचंही नाव होईल. आम्ही चार रात्री जागून सहा ट्रॅक दिले. ड्रमवाल्याची काठी मोडली तर त्याने स्वयंपाकघरातला लाकडी चमचा घेऊन एक टेक पूर्ण केला, आणि तोच टेक सिनेमात आहे, ऐकू येतं. पहिल्या खेळाला आम्ही पाचही जण इस्त्रीचे शर्ट घालून गेलो. श्रेयनामावलीत बँडचं नाव चुकीचं. कॅमेरा भाड्याने देणाऱ्याचं बरोबर, चहावाल्याचं बरोबर, आमचं चुकीचं. आणि कॅमेऱ्याचं भाडं मात्र रोजच्या रोज चुकतं केलं होतं बरं का.

तर माझं म्हणणं एवढंच की 'बजेट नव्हतं' असं कोणी म्हटलं की विचारा कशासाठी नव्हतं. फिल्म रोलला होतं, लाइटला होतं. संगीताच्या वेळेलाच चळवळ आठवते.

आळशी_मांजर

बाबूराव, लाकडी चमच्याचा ट्रॅक टाका ना इथे.

बाबूराव_बास

हक्क माझ्याकडे नाहीत :(

तिरका_कॅमेरा

वरच्या प्रतिसादाला +१००.

पण याच दुखण्यावर एक भन्नाट उपाय निघाला होता. 'वाइल्ड स्टाइल', १९८३, चार्ली अहर्न, हिप-हॉपवरचा पहिल्या-पहिल्यातला कथापट. डीजे लोक दुसऱ्यांच्या रेकॉर्डमधले तुकडे फिरवून वाजवायचे, ते सिनेमात घेतले असते तर हक्कांच्या पैशात सिनेमा बुडाला असता. मग फॅब फाइव्ह फ्रेडी आणि ब्लाँडी बँडचा ख्रिस स्टाइन यांनी वादक बसवून ताल नव्याने रेकॉर्ड केले, त्याच्या थोड्या प्रती रेकॉर्डवर छापल्या, आणि डीजेंनी सिनेमात त्याच फिरवल्या. पुढे १९९४ला नास या रॅपरचा 'इल्मॅटिक' अल्बम सुरू होतो तोच मुळी वाइल्ड स्टाइलच्या आवाजाने. पैसे वाचवायला केलेली गोष्ट पुढच्या पिढीचा कच्चा माल झाली. धागाकर्ते खूश?

फाटकी_कॅसेट

लय खूश.

कोरा_कागद

संगीत म्हणजे गाणीच धरताय का सगळे? 'इरेझरहेड' राहिला. डेव्हिड लिंचने १९७२ला सुरू केला आणि १९७७ला बाहेर आला, मधे पैसे संपले की थांबायचा, रात्री वर्तमानपत्रं टाकून पैसे जमवायचा, आणि त्यातला नायक, बिचारा जॅक नान्स, तेवढी वर्षं ती उभ्या केसांची हेअरस्टाइल सांभाळत बसला. त्या सिनेमाचा आवाज हेच त्याचं संगीत आहे, लिंच आणि अ‍ॅलन स्प्लेट यांनी घडवलेली ती न थांबणारी घरघर.

त्या घरघरीचा माझा अनुभव सांगतो. हॉस्टेलच्या फिल्म क्लबात मी हट्टाने हा सिनेमा लावला. चाळीसेक पोरं. सुरू होऊन दहा मिनिटं झाली नाहीत तर इलेक्ट्रिकलचा एक सीनियर उठला, आत्मविश्वासाने स्पीकरच्या मागे गेला आणि म्हणाला अर्थिंग गेलंय, स्पीकरमधून गुणगुण येतेय. मी अंधारात ओरडतोय अरे तो सिनेमाच आहे, तो म्हणतो मला शिकवू नकोस. त्याने प्लग काढला, उलटा करून लावला, परत घरघर. दुसरी एक्स्टेन्शन बोर्ड आणली, परत घरघर. मग अ‍ॅम्प्लिफायर बदलला. तोपर्यंत पडद्यावर ते बाळ आलं होतं आणि वीस पोरं गेली होती. शेवटी रेडिएटरमधली ती गालफुगी बाई गायला लागली तेव्हा घरघर जरा मागे गेली, तर हा विजयी मुद्रेने म्हणतो, बघ, झालं की नाही ठीक.

ते गाणं, 'इन हेवन', त्यात आवाज पीटर आयव्हर्सचा आहे. हा माणूस पुढे 'न्यू वेव्ह थिएटर' नावाच्या टीव्ही कार्यक्रमात लॉस एंजलिसच्या पंक बँडना आणायचा, १९८३ला त्याचा खून झाला, कोणी केला ते आजतागायत कळलेलं नाही. गाणं नंतर पिक्सीज नावाचा बँड स्टेजवर वाजवायचा.

आळशी_मांजर

अर्थिंग 🤣🤣 मेले मी. हा स्वतंत्र धागा होऊ शकतो.

खडूस_आजोबा

त्या सीनियरचं चुकलं काय ते मला अजून कळलेलं नाही.

रॉकी_नाही_बाल्बोआ

वीस प्रतिसाद होत आले आणि 'रॉकी हॉरर'चं नाव नाही?? निषेध. न्यूयॉर्कचं वेव्हर्ली थिएटर, १ एप्रिल १९७६ पासून मध्यरात्री, लोक तांदूळ फेकतायत, डोक्यावर पेपर धरून बसतायत, पडद्याला उलट उत्तरं देतायत.

मध्यरात्र

घ्या की, पण ते आधी लंडनच्या रंगभूमीवर गाजलेलं नाटक, मागे फॉक्ससारखा स्टुडिओ, १४ लाख डॉलर खर्च. गरीब घरचं नाही हो ते लेकरू. मला विचाराल तर त्याच पंगतीत जॉन वॉटर्सचा 'पिंक फ्लेमिंगोज' बसवा, १९७२, दहा-बारा हजार डॉलर. स्वतःकडच्या जुन्या रॉक अँड रोलच्या सिंगल्स लावून मोकळा, हक्कबिक्क कोण विचारतंय. १९९७ला पंचवीस वर्षं झाली म्हणून परत आणायचा तेव्हा हक्क घेत बसावं लागलं.

रॉकी_नाही_बाल्बोआ

म्हणजे आता गरिबीचा दाखला जोडायचा का कल्ट व्हायला? तहसीलदाराची सही?

पडद्यामागचा

ह. घ्या. पण रेपो मॅनला पण १५ लाख लागले होते, म्हणजे रॉकी हॉररपेक्षा जास्तच. मग धागाकर्त्याचा सिनेमा आधी बाद करा.

फाटकी_कॅसेट

९ वर्षांची महागाई धरा की राव!

तिरका_कॅमेरा

भांडा तुम्ही, मी मधल्या मधे जीव हलका करतो. डेरेक जार्मनचा 'जुबिली', १९७८, लंडनचा पंक, अ‍ॅडम अँट आणि टोया विलकॉक्स त्यात आहेत. सगळ्यांना वाटलं पंकवाले डोक्यावर घेतील. पंकचे कपडे घडवणारी डिझायनर व्हिव्हियन वेस्टवुड इतकी भडकली की तिने जार्मनला खुलं पत्र लिहिलं आणि ते टीशर्टवर छापलं. कागदावर नाही, टीशर्टवर. तक्रार अशी की सिनेमा कंटाळवाणा आहे. म्हणजे ज्यांची चळवळ त्यांनाच तो आपला वाटला नाही.

उलट उदाहरण दिग्दर्शिका पेनेलपी स्फीरिसचं. 'द डिक्लाइन ऑफ वेस्टर्न सिव्हिलायझेशन', १९८१, माहितीपट, ब्लॅक फ्लॅग, जर्म्स, एक्स, फिअर, तुमचे सर्कल जर्क्स पण आहेत. लॉस एंजलिसच्या पोलीस प्रमुखाने पत्र लिहून सांगितलं की हा इथे परत दाखवू नका. यापेक्षा मोठी जाहिरात काय हवी. पण मला त्यातला लक्षात राहिलेला भाग दंग्याचा नाही. जर्म्सचा डार्बी क्रॅश, स्टेजवर धडपडणारा, शब्द गिळणारा, तो घरी ओट्याशी उभा राहून अंडी तळतोय आणि शांतपणे बोलतोय. अगदी साधं पोर. पोस्टरवर तोच आहे, डोळे मिटून जमिनीवर पडलेला, आणि सिनेमा थिएटरात यायच्या आत, ७ डिसेंबर १९८०ला तो गेला. दुसऱ्याच दिवशी लेननचा खून झाला, त्यामुळे याची बातमी कोणाच्या डोळ्यांत भरलीच नाही.

हीच बाई पुढे 'सबर्बिया' करताना नटांना पंक बनवण्याऐवजी खऱ्या पंक पोरांनाच घेऊन आली. त्यात पाळीव उंदीर घेऊन फिरणारा एक किरकोळ पोरगा आहे तो म्हणजे फ्ली, रेड हॉट चिली पेपर्सवाला. स्वस्तात पडलं का? पडलं. पण बघितलं की कळतं, हे चालणं-बसणं शिकवून येत नाही.

बाबूराव_बास

फ्ली!! बासवाल्यांचा देव. उंदीर असू दे नाहीतर घूस, आजच बघतो.

रेवा_१२

तिरका_कॅमेरा, ते अंडी तळण्याचं वाचून पोटात कालवलं. बावीस वर्षांचा होता तो.

फाटकी_कॅसेट

बराच वेळ नुसतं वाचत होतो. परत मूळ प्रश्नाकडे येतो.

मी म्हटलं होतं पैसे नव्हते म्हणून हे लग्न लागलं. ईझी रायडर आणि द हार्डर दे कम यांनी मला उघडं पाडलं, आणि बाबूरावांनी तर प्रश्नच फिरवला, स्वस्त होतं ते कोणाला. पण रेपो मॅनबद्दलची एक गोष्ट मी सुरुवातीला हातची राखून ठेवली होती. सिनेमा लागला आणि स्टुडिओने तो लवकरच गुंडाळला. पण साउंडट्रॅकची रेकॉर्ड पोरं घेतच राहिली, इगी पॉपचं शीर्षकगीत, ब्लॅक फ्लॅग, सुइसायडल टेंडन्सीज, प्लग्झ, एकाच रेकॉर्डवर अख्खं गाव. ती इतकी खपली की सिनेमा परत थिएटरात लावावा लागला. म्हणजे ज्या बँडना स्वस्त म्हणून घेतलं असं मी म्हणत होतो त्यांनीच सिनेमाला स्मशानातून परत आणलं. मग घेणेकरी कोण आणि देणेकरी कोण?

थकलेल्या हप्त्यांवरचा सिनेमा आहे म्हटल्यावर हिशोब असाच लागणार म्हणा.

बाबूराव_बास

आणि त्या रेकॉर्डवर बँडांची नावं बरोबर छापली होती. नोंद घ्यावी.

निद्रानाश

अवांतर: याच सिनेमाच्या टीव्हीवरच्या प्रतीत शिव्या काढून त्याजागी आचरट शब्द डब केलेत. एका जबरी आईवरच्या शिवीच्या जागी चक्क 'मेलन फार्मर', म्हणजे खरबूज पिकवणारा शेतकरी. दोन गुंड एकमेकांना रागाने खरबूजवाला म्हणतायत हे चित्र डोळ्यांसमोर आणा.

खडूस_आजोबा

ही प्रत कुठे मिळेल?